सात गावांचं एकच चित्र

९ फेब्रुवारी

ठमे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उत्तर पाठवलंस तर बरं, नाही पाठवलंस तरी मी लिहीतच राहणार. चिवटपणा तू माझ्याकडूनच घेतला आहेस, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

बाबा बरे आहेत. तुमच्या भांडणानंतर तुझं नाव घेत नाहीत. पण रेडिओवर तुझ्या शहराचं हवामान लागलं की आवाज वाढवतात. मी बघितलं की म्हणतात, बॅटरी उतरलीय का ते तपासतोय.

इथली बातमी अशी की खोऱ्यातली सातही गावं एका योजनेत आली. हसू नकोस. ज्यांचं बसथांबा कुठे असावा यावर तुझ्या जन्माआधीपासून जमलं नाही, ती सात गावं. खोऱ्याच्या परिषदेने बाहेरून एक समन्वयक आणलाय. इतकं हळू बोलतो की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव हळूसर पडलं. त्याचं म्हणणं, काचकारखाना बंद पडला तेव्हा प्रत्येक गावाने आपापलं रडगाणं गायलं, म्हणून कुणाचंच ऐकलं गेलं नाही. आता सगळ्यांनी मिळून एक चित्र ठरवायचं, मग त्याची उद्दिष्टं, मग कामं. कामं सगळ्यात शेवटी. बाबा पुटपुटले, "म्हणजे आधी बारसं आणि मग लग्न."

बैठक कारखान्याच्या जुन्या कॅन्टीनमध्ये होती. बाकांवरची धूळ आम्ही बायकांनीच पुसली. हळूसरांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, पुष्कळ वर्षं गेली आहेत, सकाळ आहे, तुम्ही घरातून निघून नदीकडे चालला आहात. काय दिसतंय? बेकरीवाल्याने डोळे मिटूनच सांगितलं की त्याला स्वच्छ मुतारी दिसतेय, आणि निम्मं कॅन्टीन हसलं. मग मात्र सगळे शांत झाले. इतके, की चहाच्या पातेल्यातलं आधण ऐकू येत होतं.

डोळे उघडल्यावर ज्याने त्याने कागदावर लिहिलं. हळूसर एकेक कागद वाचायला लागले. नदीपलीकडे लांबलचक शेड, निळं छप्पर. नदीवर लोखंडी पूल. शेडमध्ये रांगेने बसलेल्या बायका, अंगात करडे डगले, कॉलरला पिवळी पट्टी. पुढचा कागद तोच. त्याच्या पुढचाही. मला वाटलं, शाळेतल्यासारखी शेजारच्याची नक्कल केली असणार. पण हळूसरांनी पिशवीतून दुसरे गठ्ठे काढले. बाकीच्या सहा गावांच्या बैठका आमच्या आधीच झाल्या होत्या, आणि त्यांच्या कागदांवरही तेच होतं. पिवळ्या पट्टीसकट.

हळूसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतक्या लवकर एकमत झालेलं त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं म्हणे. परिषदेच्या अध्यक्षांचे तर डोळे भरून आले.

फक्त नावाडीकाका उभे राहिले आणि म्हणाले, "मला काही नाही दिसलं. डोळे मिटले, अंधार झाला. तेवढंच." नर्सबाईही म्हणाल्या, माझंही तसंच. लोक हसले. आकसाने नाही, आपले सहज.

मला मात्र दिसलं. अगदी स्वच्छ. आणि त्या रांगेत तू होतीस, ठमे. केस वर बांधलेले. म्हणून तर हे पत्र. गाव मेलंय असं तू म्हणाली होतीस. बघ, मेलेलं गाव काही ठरवत नाही.

तुझी,
आई


३० मे

ठमे,

तुझं उत्तर नाही. असो.

पातेल्याला तळ असतो, तसा आमच्या सुखाचा तळ अजून लागलेला नाही. कॅन्टीनच्या भिंतीवर आता मोठ्या अक्षरांत उद्दिष्टं रंगवली आहेत. नदीवर पूल. मोठा कारखाना. हाताला काम खोऱ्यातल्या खोऱ्यात. गेलेली माणसं परत. शेवटचं वाक्य सगळ्या गावांनी टाळ्या वाजवून घातलं, आणि रंगवणारा ते रंगवत होता तेव्हा मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

आणि कंपनी आली. औषधांच्या बाटल्या करणारी. त्यांचे साहेब आले, कॅन्टीनच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला. नदीपलीकडे लांब शेड. अध्यक्षांनी विचारलं, छप्पर कुठल्या रंगाचं? साहेब म्हणाले, आमच्याकडे सगळीकडे पांढरं असतं, पण यावेळी पत्रे निळे मिळालेत, चालतील का? बेकरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मग अध्यक्ष जोरात हसले, आणि त्यांच्यामागून सगळे.

पूल झालासुद्धा. लष्कराच्या पुलासारखा, तुकडे आणून जोडलेला. शेडचे खांब उभे आहेत. बाबांना नोकरी लागली! नव्या पोरांना काचेची भट्टी शिकवायची. पहिल्या दिवशी दाढी करताना शीळ वाजवत होते. आणि डगले शिवायचं काम मला मिळालं. मशीनला तेल घातलं, दोन बायका मदतीला घेतल्या. कंपनीने पाठवलेलं कापड करडं निघालं. पिवळी फीत वेगळी आली होती, गुंडाळीत.

नावाडीकाका गेले. मरण नाही, गाव सोडून गेले. पूल झाल्यावर नावेत कोण बसणार, असं लोक म्हणतात, पण ते पूल व्हायच्या आधीच गेले. नर्सबाईंची बदली झाली. त्यांनी मागितली नव्हती. दवाखान्यात नवीन बाई आली आहे, तीही बरी आहे. वरच्या गावच्या मास्तरांना मुलाने नेलं. त्यांनीही म्हणे तिकडच्या बैठकीत सांगितलं होतं की काही दिसलं नाही. योगायोग. माणसं येतात, जातात.

तू ये. इथे तुझ्यासाठी काम आहे. बाबांनी माफी मागावी असं तुला वाटत असेल तर ते तोंडाने मागणार नाहीत, पण पुलावरून तुझी बॅग ते उचलतील, एवढं मी सांगते.

आई


१७ सप्टेंबर

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्याही भांडणाच्या. तरी मी ते दोनदा वाचून उशीखाली ठेवलं. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते.

तुझा नंबर मी कुणालाही दिलेला नाही. बाबांनीही नाही. तुला वेगवेगळ्या आवाजांत फोन येतात, "कधी येतेस?" एवढंच विचारतात आणि ठेवून देतात, हे वाचलं. कोण करत असेल ते मला माहीत नाही. म्हणजे अमुक एकच माणूस असं सांगता येत नाही.

कारण ते मलाही विचारतात. आधी वाटलं, माझ्यावरच्या मायेने विचारतात. भाजीवाली म्हणते, "आली का ती?" पलीकडच्या गावातली, मी कधी न पाहिलेली बाई पुलावर थांबवून विचारते, "तुमची मुलगी अजून नाही आली?" तू रांगेत होतीस हे मी फक्त तुला लिहिलं होतं. माझ्या कागदावर मी शेड, पूल, डगले लिहिले. तुझं नाव लिहिलं नव्हतं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, म्हणून.

आणखी एक. सुपरवायझर बाई डगल्यांची मापं तोंडी सांगतात, मी खडूने कापडावर उतरवून घेते. मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "एक जादा शिवा. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता ठेवा." झाडावरून पडून तुझा खांदा मोडला, तेव्हापासून तुझ्या प्रत्येक झग्याला मी जे करत आले, ते. मी विचारलं, हा कुणासाठी? बाई गोंधळल्या. आपण असं का सांगितलं ते त्यांचं त्यांनाच कळेना. मग म्हणाल्या, "येणारीसाठी."

मी शिवला. काय करणार? शेडमध्ये खुंट्यांची रांग आहे, तिथे शेवटच्या खुंटीवर तो टांगलाय. येताजाता बायका त्याच्यावरची धूळ झटकतात.

तसं सगळं चांगलं चाललंय. दुकानं उघडली. दोन गावांतली मुलं परत आली. रस्त्यावर दिवे आहेत. कुणी भांडत नाही. मला वाटतं, हेच मला खटकतंय. बेकरीवाला पूर्वी पावाबरोबर टोमणा द्यायचा. आता म्हणतो, "सगळे मिळून पुढे." मी म्हटलं, अरे पाव शिळा आहे. तो म्हणाला, "सगळे मिळून पुढे." आणि हसला. त्याचं हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

बाबा रविवारी न सांगता कुठेतरी जाऊन आले. चपलांना आपल्याकडची नाही अशी लाल माती होती.

तू सध्या येऊ नकोस. मीच म्हणतेय यावर विश्वास बसत नसेल, पण थांब जरा.

आई


१२ जानेवारी

ठमे,

हे लांबणार आहे. चहा घेऊन बस.

बाबा त्या रविवारी नावाडीकाकांना शोधायला गेले होते. ते भाचीकडे राहतात, दगडखाणीच्या गावात. धडधाकट आहेत. बाबांनी विचारलं, तुला कुणी जा म्हणालं का? ते म्हणाले, नाही. कुणी वाईटही बोललं नाही. बैठकीनंतर सकाळी नाव लावली, चला बसा म्हटलं, तर घाटावरची माणसं पाण्याकडे बघत उभी राहिली. रागाने तोंड फिरवलेलं नव्हतं. नावेत कुणी नाहीच, असं बघत होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. दुकानात उभे राहिले तर दुकानदार त्यांच्या मागच्या माणसाला काय हवं ते विचारायचा. शेवटी त्यांना स्वतःच्याच आवाजाची भीती वाटायला लागली. "मी बोलतोय की नाही, तेच कळेना," असं म्हणाले.

बाबांनी हे मला तीन महिने सांगितलं नाही. वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. मी फिती कापत होते. ते समोर स्टुलावर बसले.

"मलाही काही दिसलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग कागदावर?"

"लिहिलं. हात चालत होता. निळं छप्पर, पिवळी पट्टी. मी काय लिहितोय ते लिहून झाल्यावर वाचलं."

मी म्हटलं, मग गप्प बसा. अळीमिळी गुपचिळी. नोकरी आहे, मान आहे. झालं ते झालं. बाबा म्हणाले, "तो तीस वर्षं मला पलीकडे सोडत होता गं. एकदा तरी उभं राहायला नको?" मी हात जोडले. तुझं नाव घेऊन गळ घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसा ते कधी ठेवत नाहीत.

सभा त्याच कॅन्टीनमध्ये. हळूसर आले होते, वर्षभराचा आढावा घ्यायला. एकेक उद्दिष्ट वाचायचे आणि सगळे एका आवाजात म्हणायचे, झालं. पूल? झालं. कारखाना? झालं. बाबा उठले. स्वच्छ आवाजात म्हणाले की मला त्या दिवशी काहीही दिसलं नव्हतं, नावाड्यासारखाच अंधार दिसला होता, आणि ज्या चित्रात नावाडी नाही, नर्सबाई नाहीत, ते सगळ्यांचं चित्र कसं? पुन्हा बसू, पुन्हा ठरवू, असं म्हणाले. चांगलं बोलले, ठमे. तू ऐकायला हवं होतंस.

ना कुणी ओरडलं, ना कुणी हसलं. शेजारच्या बाकावरच्या माणसाने पाय जरा आत घेतले, वारा लागल्यावर घेतात तसे. मग अध्यक्षांनी पुढचं उद्दिष्ट वाचलं.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले आणि दुपारीच परत आले. पोरं त्यांच्याकडे न बघता भट्टी चालवत होती, त्यांनी शिकवली तशीच. भाजीवालीने मला विचारलं, "एकटीपुरतंच देऊ ना?" टपालवाल्याने बाबांच्या अंगावर सायकल घालता घालता वाचवली, आणि थांबला नाही. बाबांनी पहिले दोन दिवस थट्टा केली. म्हणाले, उधारी मागणाराही ओळखणार नाही आता. मग थट्टा बंद झाली.

आणि लोक यायला लागले. भर दुपारी, एकेकटे. बाबा समोर बसलेले असायचे, पण बोलायचे माझ्याशीच. भाजीवाली पदराशी चाळा करत म्हणाली, "खरं सांगू? मलाही काही दिसलं नव्हतं." मदतीच्या दोघी बायका म्हणाल्या. पलीकडच्या गावचा शिक्षक म्हणाला. अध्यक्षांची बायको येऊन रडली, तिला आणि त्यांना, दोघांनाही काही दिसलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आंधळे. प्रत्येकाच्या हाताने लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्याने ते वाचलं.

शेवटी हळूसर आले. त्यांची बॅग भरलेली होती. मी सरळ विचारलं, सर, मग दिसलं कुणाला? त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. म्हणाले, "इतर ठिकाणी शंभर माणसांची शंभर चित्रं मिळतात. त्यांचा मेळ घालताना माझा जीव जातो, आणि तेच माझं काम आहे. इथे एकच मिळालं. मी विचारायला हवं होतं. पण माझं नाव झालं, म्हणून नाही विचारलं." जाताना त्यांनी बाबांच्या दिशेने मान लववली. जिथे बाबा बसले होते त्याच्या थोडी डावीकडे.

ते गेल्यावर मी मशीनवर बसले. पायडल मारलं नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ना.

ठमे, तू बालवर्गात असताना मी तुला एक डगला शिवला होता. उरलेलं करडं कापड होतं, आणि कॉलर मळू नये म्हणून पिवळी पट्टी लावली होती. तू चित्रात घरं काढायचीस, त्यांना छप्पर निळं, कारण लाल खडू तू खाऊन टाकला होतास. तू गेल्यापासून रोज दुपारी, मशीन चालू असताना, मी एक गोष्ट बघत आले आहे. नदीपलीकडे असं काहीतरी मोठं उभं राहिलंय की तुला यावंच लागलं. बैठकीच्या कितीतरी आधीपासून. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.

ते खोऱ्याचं चित्र नव्हतं. माझं होतं. ते सात गावांच्या हातांत कसं उतरलं, हे मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल असंही वाटत नाही.

आणि तुला मी पूर्ण सांगितलं नव्हतं. त्या रांगेत तू होतीस, पण मी हाक मारली तेव्हा तू बाकीच्या बायकांबरोबर एकाच वेळी मान वर केलीस, आणि म्हणालीस, "कोण हवंय आपल्याला?"

मी उद्या अध्यक्षांकडे जाते.

आई


२५ जानेवारी

ठमे,

गेले होते. अध्यक्षांना सगळं सांगितलं. हे माझं एकटीचं होतं, लोकांवर लादलं गेलं, मोडून टाका, नव्याने बसा. प्रत्येकाला काय हवंय ते विचारा. अंधार दिसला म्हणणाऱ्यालाही विचारा.

त्यांनी मला पाणी दिलं. ते वाईट नाहीत, तुला माहीत आहे. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी स्वतःची जमीन विकून लोकांना जेवू घातलं होतं. म्हणाले, "वहिनी, कुणाचं का असेना. चुली पेटल्यात. मुलं परत आलीत. आता ते माझंही आहे." मग उठून खिडकीशी गेले. तिथून बसस्टँड दिसतो. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "सगळं झालं. आता एकच राहिलंय. तेवढी मुलगी येऊ द्या."

मी खिडकीतून पाहिलं. स्टँडवर माणसं उभी होती. सामान नव्हतं कुणाकडे. बस आली, उतरणारे उतरले, यांनी प्रत्येकाचा चेहरा पाहिला, आणि बस गेल्यावर परत रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. ओळखीची माणसं गं. तुला अंगाखांद्यावर खेळवलेली.

घरी आले. जेवायचं वाढून घेतलं, बसले, दोन घास खाल्ले. मग समोर बाबा उठून गेले, मांडणीवरून स्वतःचं ताट काढलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसले. मी एकच ताट घेतलं होतं, ठमे. मी.

त्यानंतर मी त्यांचा हात सोडलेला नाही. शिवताना त्यांना जवळ बसवते, दोरा ओवायला लावते, मोठ्याने बोलत राहते. पण मध्येच माझं लक्ष दुसरीकडे जातं, आणि भान येतं तेव्हा मनात चरकतं की आत्ता मी कुणाशी बोलत होते?

म्हणून नीट ऐक. येऊ नकोस. माझ्या अक्षरात बोलावणं आलं तरी येऊ नकोस. माझ्याच हाताने लिहिलेलं असेल, तरी नाही. आम्ही निघतोय. कसं ते अजून ठरलेलं नाही, कारण बस तर स्टँडवरूनच सुटते, आणि त्या माणसांसमोरून बाबांना घेऊन जायची माझी हिंमत नाही.

आई


२ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र दुसऱ्या गावाहून टाकतेय, रेल्वे स्टेशनच्या समोरून. आम्ही बाहेर पडलो.

बेकरीवाल्याने आणलं. परवा तो पाव द्यायला दारात आला, मला पाव दिला आणि जाईना. कपाळावर घाम. एकटक माझ्या खांद्यामागे बघत होता, डोळ्यांवर ऊन आल्यासारखं. मग दात आवळून एकेक शब्द काढला. "बाबा," म्हणाला. "माझी गाडी सकाळी तालुक्याला जाते. बसा." बाबा रडले. मी त्यांना कारखाना बंद पडला तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्याला तेवढं बोलणं किती जड पडलं असेल ते त्याचं त्याला माहीत. नंतर पायरीवर बसून त्याने पाणी मागितलं, आणि जाताना म्हणाला की मुतारीचं मात्र तो खरंच म्हणाला होता. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून स्वतःचं वाक्य ऐकलं. मी म्हटलं, तू राहू नकोस इथे. तो म्हणाला, "भट्टी आहे माझी. मी पुढच्या सभेत उठतो. माझ्यानंतर भाजीवाली उठणार आहे. बघू किती जणांकडे नाही बघत हे लोक."

पावांच्या ट्रेंच्या मधोमध आम्ही दोघं बसून आलो. गाडी पुलावर गेली तेव्हा शेडची पाळी सुटत होती. बायका रांगेने बाहेर येत होत्या, करड्या डगल्यांत. आमची गाडी रोजचीच, म्हणून कुणी पाहिलं नाही. मी मागच्या फटीतून बघत होते. शेवटी एक बाई होती, केस वर बांधलेली, डावा खांदा जरा उतरता. ती एकटीच थांबली आणि गाडीकडे वळली.

मी बाबांना सांगितलं नाही. ओरडलेही नाही. तू तुझ्या घरी आहेस, तुझं ते कार्ड मला तिथूनच आलं होतं, असं मनाशी म्हणत राहिले, आणि त्यांचा हात इतका घट्ट धरला की त्यांना वळ उठला.

स्टेशनवर उतरलो. चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो. पैसे मी काढत होते, बोलणार मीच होते, सवयच लागलीय. टपरीवाला मान वर करून बाबांना म्हणाला, "आजोबा, साखर किती?"

बाबांनी मागे वळून पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं, जरा वैतागून, मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती. बाबा म्हणाले, "दोन." मग म्हणाले, "नाही, तीन." मग त्याचं नाव-गाव विचारलं, धंदा कसा चाललाय विचारलं, दूध कुठून येतं विचारलं. मागच्या माणसाने, सरका की आता, म्हणून ढकललं तर त्यालाही हसून नमस्कार केला. मी बाकावर बसून पाहत होते. पोटभर पाहिलं.

आता बाकावर डुलकी काढतायत. गाडी दुपारची आहे. तुझ्याकडे किती दिवस राहू, राहू की नाही, हे काही मी ठरवून आलेले नाही. तुझ्या घरी माझं कुठलं चित्र नाही. तू कशी राहतेस, कुणाबरोबर राहतेस, भिंती कुठल्या रंगाच्या, काही मनात आणत नाही. मुद्दाम आणत नाही. जे असेल ते तुझं.

दार उघडलं नाहीस तरी आम्ही जवळ कुठेतरी खोली बघू. शिवणकाम कुठेही मिळतं. तुझा राग तुझ्याजवळ राहू दे, तो बाबांनी कमावलेला आहे. ते माफी मागणार आहेत, टपरीवर उरलेल्या वेळात माझ्यासमोर म्हणून पाहत होते, पण तिथपर्यंत पोचतील की नाही सांगता येत नाही. एक मात्र नक्की करतील. जिन्याखालून तुला नावाने हाक मारतील.

मी मागे उभी असेन. काही बोलणार नाही. तू खाली येऊ नकोस वाटल्यास, खिडकीही उघडू नकोस. पण ओ दे.

आई